कोऱ्या शिळेसमोर : सम्राज्ञी वू आणि इतिहासकारांची लेखणी

एखादी गोष्ट आपण इतक्या वेळा सांगितलेली असते, की ती प्रथम कोठे वाचली याचाच आपल्याला विसर पडतो. चीनच्या सम्राज्ञी वूच्या तान्ह्या मुलीची गोष्ट आमच्या बाबतीत अशीच झाली. वर्गात सत्ता आणि स्त्री हा विषय निघाला, की आम्ही ती हमखास सांगत असू. सम्राटाची निपुत्रिक पट्टराणी वांग ही वूच्या नवजात मुलीला पाहायला येते, तिला खेळवते आणि निघून जाते. मागोमाग वू आत येते, स्वतःच्या लेकीचा जीव घेते, वर पांघरूण घालून ठेवते. थोड्या वेळाने सम्राट येतो. वू हसतमुखाने पांघरूण दूर करते आणि हंबरडा फोडते. आताच येथे कोण आले होते, या प्रश्नाला दासी खालच्या मानेने उत्तर देतात : पट्टराणी. गोष्ट संपली की वर्गात शांतता पसरे, आणि शिकवण्याचे समाधान म्हणजे हेच, असे आम्हांला वाटे.

काही वर्षांपूर्वी मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, ''सर, त्या वेळी खोलीत दुसरे कोणीच नव्हते ना? मग लिहिणाऱ्याला हे कसे कळले?'' प्रश्न साधा होता. साहित्याच्या वर्गात निवेदकाची जागा, त्याचे ज्ञान, त्याची विश्वसनीयता यांवर आम्ही तासन्‌तास बोलत आलो होतो. पण समोर 'इतिहास' असे लेबल लावलेला मजकूर आला तेव्हा त्यातला एकही प्रश्न आम्ही विचारला नव्हता. प्रस्तुत लेख त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रथम थोडा तपशील. वूचा जन्म ६२४ सालचा मानला जातो. तिचे वडील वू शहुओ हे मूळचे लाकडाचे व्यापारी. तांग वंशाच्या संस्थापकाला त्यांनी आरंभीच साथ दिली आणि त्या बळावर ते दरबारी अधिकारी झाले. आई मात्र आधीच्या स्वी राजघराण्याच्या नात्यातली. चौदाव्या वर्षाच्या सुमारास, म्हणजे ६३७-३८ मध्ये, ही मुलगी सम्राट ताइझोंगच्या अंतःपुरात दाखल झाली. तिला मिळालेला 'साइरेन' हा दर्जा पाचव्या श्रेणीचा. तांग अंतःपुराची रचना कागदावर तरी अगदी गणिती होती : एक सम्राज्ञी, चार प्रमुख राण्या, त्यांखाली नऊ, मग सत्तावीस, मग एक्याऐंशी. एकूण १२२ स्त्रियांच्या या उतरंडीत वूचे स्थान मधल्या पायरीवरचे होते, आणि सुमारे बारा वर्षे ती तेथेच राहिली. ६४९ मध्ये ताइझोंग वारला आणि रिवाजानुसार तिची रवानगी बौद्ध भिक्षुणींच्या मठात झाली. येथेच तिची कथा संपायला हवी होती.

ती संपली नाही, याचे कारण स्वतः पट्टराणी वांग. नव्या सम्राट गाओझोंगचे मन शियाओ नावाच्या राणीवर जडले होते. ते तिच्यावरून उडावे म्हणून वांगनेच वूला मठातून परत आणण्यास उत्तेजन दिले. काट्याने काटा काढण्याचा हा बेत यशस्वी झाला. मात्र दुसरा काटा पायातच राहिला. वूला 'झाओयी', म्हणजे नऊ राण्यांमधले पहिले, स्थान मिळाले. ६५४ मध्ये तिची मुलगी दगावली, ६५५ मध्ये वांग आणि शियाओ दोघी पदच्युत झाल्या आणि वू सम्राज्ञी झाली. पुढे ६९० मध्ये तिने तांग वंश बाजूला सारून 'झोउ' नावाचा स्वतःचा वंश घोषित केला, आणि चीनच्या दीर्घ इतिहासात सम्राटाची पदवी स्वतःच्या नावाने धारण करून राज्य करणारी ती एकमेव स्त्री ठरली.

आता त्या मुलीच्या मृत्यूकडे वळू. हा प्रसंग सांगणारे ग्रंथ कालक्रमाने समोर मांडले, तर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. 'जुना तांग इतिहास' ९४५ सालचा, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी पूर्ण झालेला. त्यातल्या वूच्या राजवटीच्या वृत्तांतात हा प्रसंग नाही. प्रकरणाच्या अखेरीस संपादकांनी जो अभिप्राय दिला आहे त्यात, अलंकारिक गद्याच्या ओघात, पाळण्यातल्या बाळाच्या हत्येचा एक उल्लेख येतो. ९६१ सालच्या 'तांग हुइयाओ' या संस्थात्मक नोंदींच्या संग्रहात मुलगी अचानक वारली आणि वूने पट्टराणीवर आळ घेतला, एवढेच आहे. मग १०६० मध्ये 'नवा तांग इतिहास' तयार झाला, १०८४ मध्ये सिमा ग्वांगचा 'झझ्र थोंगच्येन' हा महाग्रंथ. आणि या दोहोंत आपल्याला संपूर्ण नाट्यप्रवेश भेटतो. पांघरूण, हसू, आक्रोश, दासींची साक्ष, सारे काही. घटनेपासून चारशे वर्षे दूर गेल्यावर कथनातले बारकावे वाढत जावेत, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला ओळखीचे असायला हवे. आठवण कालांतराने पुसट होत जाते. आख्यायिका मात्र कालांतराने भरत जाते.

याहून बोलका पुरावा वूच्या शत्रूंनीच ठेवला आहे. ६८४ मध्ये यांगझोउ येथे ली जिंगये याने तिच्याविरुद्ध बंड पुकारले. त्या बंडाचा जाहीरनामा लो बिन्वांग या कवीने लिहिला. चिनी गद्याचा उत्कृष्ट नमुना म्हणून तो आजही वाचला जातो. त्यात वूवर बहिणीच्या, भावांच्या, सम्राटाच्या आणि स्वतःच्या आईच्याही हत्येचा आरोप आहे. गाओझोंग दीर्घ आजाराने वारला होता आणि आई नव्वदीच्या घरात पोचून ६७० मध्ये गेली होती, याची त्या कवीने पर्वा केली नाही. इतके सैल हात असलेल्या आरोपपत्रात तान्ह्या मुलीच्या हत्येचा उल्लेखही नाही. मुलीच्या मृत्यूला तेव्हा तीसच वर्षे झाली होती. कुजबूज जर राजधानीत असती, तर या लेखणीने ती सोडली असती काय? एवढ्याने वू निर्दोष ठरत नाही, हे आम्ही जाणतो. बंद खोलीत काय घडले ते आम्हांला जसे ठाऊक नाही तसे सिमा ग्वांगलाही ठाऊक नव्हते, एवढेच यातून ठरते.

वांग आणि शियाओ यांच्या शेवटाचेही असेच आहे. पदच्युत झाल्यावर वूच्या आज्ञेने त्यांना फटके मारण्यात आले, हातपाय तोडून त्यांना मद्याच्या रांजणात टाकण्यात आले आणि काही दिवसांनी त्या मेल्या, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. ती 'जुन्या तांग इतिहासा'त आहे. परंतु त्याच ग्रंथात, त्याच चरित्रात, काही ओळी आधी, वूने दोघींचा गळा आवळवून वध करवला असेही लिहिले आहे. एकाच व्यक्तीचे दोन मृत्यू एकाच पानावर नांदत आहेत, आणि संपादकांना त्याची खंत नाही. रांजणाची कथा आली कोठून याचा शोध घेतला, तर वाट हान काळापर्यंत जाते. इसवी सनापूर्वी १९५ मध्ये हान वंशाचा संस्थापक वारला आणि त्याची विधवा ल्यू हिने सवत छी हिचे हातपाय तोडून, डोळे काढून तिला शौचकूपात ठेवले, असे सिमा छिएनने लिहून ठेवले आहे. सत्तेवर आलेली राणी सवतीचे हातपाय तोडते, हा साचा वूच्या जन्माआधी कित्येक शतके तयार होता. त्याही मागे शांग वंशाच्या अखेरच्या राजाची क्रूर राणी दाजी उभी आहे. चिनी इतिहासकारांनी प्रत्येक वंशाच्या पडझडीच्या वेळी अशी एक स्त्री उभी केलेली दिसते. वूचा वध खरा असेल, किंबहुना तो खराच असावा. रांजण मात्र उसना वाटतो. आपल्याकडे 'ध' चा 'मा' करणारी आनंदीबाई ज्या सहजतेने म्हणीत जाऊन बसली, ती सहजता ज्याने अनुभवली आहे त्या मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. आख्यायिका बाजूला ठेवल्या तर ही स्त्री वर चढली कशी, हे मग सांगा. आमचे म्हणणे असे, की आख्यायिका बाजूला ठेवल्यावरच ते सांगता येते. पांघरुणाखालच्या हत्येने सारे उलगडले असे मानले, की ६५५ च्या दरबाराकडे पाहण्याची गरजच उरत नाही.

त्या दरबारात गाओझोंग हा सत्तावीस वर्षांचा सम्राट होता आणि खरी सत्ता होती त्याचा मामा झांगसुन वूजी आणि वडिलांच्या वेळचे चू स्वेल्यांग यांसारखे वडीलधारे मंत्री यांच्या हातात. पट्टराणी वांग मोठ्या घराण्यातली. तिला हटवणे म्हणजे या मंत्र्यांचा शब्द मोडणे. चू स्वेल्यांगने पायऱ्यांवर डोके आपटून रक्त काढले आणि वू ही आधीच्या सम्राटाच्या अंतःपुरातली आहे हे भर दरबारात बोलून दाखवले. त्यावर सेनापती ली जी याने सम्राटाला एकच गोष्ट सांगितली : हा तुमच्या घरातला प्रश्न आहे, बाहेरच्यांना काय विचारता? कोंडी फुटली ती या वाक्याने. घरातला प्रश्न, असे म्हणून सेनेने आपला हात काढून घेतला होता. विसाव्या शतकातले थोर इतिहासकार छेन यिनके यांनी या घटनेकडे दोन स्त्रियांचे भांडण म्हणून पाहिले नाही. वायव्येकडील जुन्या सरदारघराण्यांच्या वर्चस्वाला गेलेला तडा म्हणून पाहिले. त्यांच्या सिद्धान्तावर पुढे पुष्कळ टीका झाली, परंतु त्यांनी प्रश्न शयनगृहातून दरबारात आणला हे त्यांचे ऋण मान्य करावेच लागेल. गाओझोंगला मामाच्या हातातून सुटायचे होते. वू हे त्याचे साधन होते, आणि तो तिचे. ६५९ मध्ये झांगसुनला हद्दपारीत आत्महत्या करणे भाग पडले तेव्हा दोघांचाही हेतू साधला होता. 'भोळा राजा आणि कपटी राणी' या जोडीतला भोळा राजा, आमच्या मते, या कथेतले सर्वांत मोठे कल्पित आहे.

पुढचा प्रवास साहित्याच्या अभ्यासकांनी विशेष बारकाईने पाहावा असा आहे, कारण तो बराचसा कागदावर घडला. सत्ता लिखित शब्दात राहते, हे वूने फार लवकर ओळखले होते. ताइझोंगच्या काळी, ६३८ मध्ये, घराण्यांची प्रतवारी लावणारी एक वंशावळ सिद्ध झाली होती. तिच्यात वू घराण्याला स्थान नव्हते. ६५९ मध्ये ती नव्या नावाने पुन्हा लिहिली गेली आणि लाकडाच्या व्यापाऱ्याचे घराणे पहिल्या श्रेणीत जाऊन बसले. ६६० नंतर गाओझोंगला भोवळ आणि दृष्टिदोषाचा त्रास सुरू झाला आणि राज्याचे कागद वूच्या हाताखालून जाऊ लागले. ६६४ मध्ये शांगग्वान यी या मंत्र्याने तिला पदच्युत करणारा मसुदा लिहिला. मसुद्याची शाई वाळण्यापूर्वी ती सम्राटासमोर उभी राहिली, आणि जीव गेला तो मसुदा लिहिणाऱ्याचा. त्याची तान्ही नात शांगग्वान वान्अर दासी म्हणून राजवाड्यात आली, तेथेच शिकली आणि मोठेपणी ज्या स्त्रीने आपल्या आजोबांना मारवले तिच्याच आज्ञापत्रांचे मसुदे लिहू लागली. ती स्वतः नामांकित कवयित्री होती. २०१३ मध्ये शियानयांगजवळ तिची कबर आणि तिचा मृत्युलेख सापडला. या नात्यात द्वेष किती, निष्ठा किती आणि निरुपाय किती, याचा उलगडा कोणत्याही एका शब्दाने होणार नाही.

६७४ मध्ये वूने राज्यकारभाराविषयी बारा सूचना मांडल्या. त्यांतली एक अशी, की वडील हयात असतानाही आईचे सुतक वडिलांच्या सुतकाइतकेच, म्हणजे तीन वर्षांचे, पाळावे. वरकरणी ही धर्मशास्त्रातली किरकोळ दुरुस्ती. प्रत्यक्षात आईच्या स्थानाचा प्रश्न तिने राज्याच्या कायद्यात आणला. ६८९ मध्ये तिने डझनभर नव्या चित्राक्षरांचा वापर सुरू केला. तिच्या स्वतःच्या नावाचे अक्षर सूर्य, चंद्र आणि खाली आकाश यांनी बनलेले होते. तिच्या पतनानंतर ही अक्षरे व्यवहारातून गेली, आणि म्हणूनच आज एखाद्या हस्तलिखितात ती दिसली, की अभ्यासकांना त्याचा काळ ठरवता येतो. राज्य गेले, पण अक्षरांनी साक्ष ठेवली.

आणि मग भारत. स्त्रीने सिंहासनावर बसणे कन्फ्यूशियसच्या परंपरेत बसणारे नव्हते. तेव्हा तिने आधार शोधला तो बौद्ध सूत्रांत. पाचव्या शतकात धर्मक्षेम या भारतीय पंडिताने चिनीत आणलेल्या 'महामेघसूत्रा'त एका देवीला स्त्रीरूपाने राज्य करण्याचे भाकीत दिलेले आहे. ६९० मध्ये भिक्षूंनी त्यावर भाष्य लिहून ते भाकीत वूला लावले, आणि ठिकठिकाणी या सूत्राच्या नावाने विहार उभे राहिले. ६९३ मध्ये तिने चक्रवर्ती राजाचे सुवर्णचक्र आपल्या बिरुदात घेतले. 'जुन्या तांग इतिहासा'ने हे सूत्र भिक्षूंनी बनावट रचले असे निःशंकपणे लिहून ठेवले. दुनहुआंगच्या गुहांत विसाव्या शतकाच्या आरंभी हाती आलेल्या हस्तलिखितांमुळे हा आरोप टिकला नाही : भाष्य नवे होते, सूत्र जुनेच. अधिकृत इतिहास निःशंक असतो तेव्हाच त्याच्यावर अधिक शंका घ्यावी, हा धडा येथे मिळतो.

या कथेत आपल्या भूमीचाही एक धागा आहे. महाराष्ट्रात येऊन पुलकेशीच्या राज्याविषयी लिहून ठेवणारा ह्युएनत्संग हा परतल्यावर याच दरबाराच्या आश्रयाला होता. ६५६ मध्ये वू गर्भवती असताना त्याने सुखरूप प्रसूतीसाठी प्रार्थना केली आणि होणाऱ्या पुत्राला बुद्धाच्या चरणी वाहावे असे सुचवले. तो मुलगा पुढे सम्राट झोंगझोंग झाला. इत्सिंग भारतातून ग्रंथ घेऊन ६९५ मध्ये लुओयांगला पोचला, तेव्हा त्याच्या स्वागताला वू स्वतः नगराच्या वेशीबाहेर गेली. आणि तिच्या राजवटीच्या आरंभीच्या वर्षांत पाच भारतांच्या राजांकडून दूत आल्याची जी नोंद आहे, तिच्यात दक्षिणेच्या राजाचे नाव चिनी उच्चारांत 'चालुक्य वल्लभ' असे वाचता येते. बदामीच्या चालुक्यांचे वल्लभ हे बिरुद आपल्या ताम्रपटांतून परिचित आहे, आणि तो काळ विनयादित्याचा. बदामीच्या राज्याला चीनच्या सिंहासनावर स्त्री बसल्याचे आश्चर्य वाटले की नाही, हे कोणी लिहून ठेवले नाही.

येथवर वाचणाऱ्या वाचकाला आम्ही वूचे वकीलपत्र घेतले आहे असे वाटण्याचा संभव आहे. म्हणून दुसरी बाजू तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. ६८६ मध्ये तिने राजधानीत तांब्याची पेटी बसवली. कोणीही तीत अर्ज, तक्रार, सूचना टाकावी. पेटीला चार तोंडे होती. कागदावर ही लोकाभिमुख व्यवस्था. प्रत्यक्षात ती चुगलीची टपालपेटी झाली. झोउ शिंग आणि लाइ जुन्चेन यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी छळाच्या बळावर कबुलीजबाब मिळवले, तांग राजघराण्यातली माणसे शाखाशाखांनी मारली गेली. लाइ जुन्चेन आणि त्याच्या साथीदारांनी तर आरोप कसे विणावेत यावर एक पुस्तिकाच रचली होती, असे इतिहास सांगतो. खोटे कथानक रचण्याचे ते पाठ्यपुस्तक! ६९७ मध्ये लाइचाही वध झाला, परंतु तोपर्यंत तिच्या सत्तेला त्याची गरज उरली नव्हती. या माणसांना तिने ओळखून वापरले आणि ओळखूनच फेकले. ही हत्याकांडे चारशे वर्षांनंतरच्या लेखणीतून निघालेली नाहीत. ती घडली आहेत, आणि मेलेल्यांची नावे आहेत.

म्हणूनच विसाव्या शतकातले तिचे पुनर्वसन आम्हांला तितकेसे पटत नाही. ग्वो मोरुओने १९६० मध्ये तिच्यावर नाटक लिहिले आणि तिला प्रजेची कैवारी राज्यकर्ती म्हणून उभे केले. अलीकडच्या मालिकांत आणि कादंबऱ्यांत ती पुरुषी जगाला पुरून उरलेली नायिका होते. दाजीचा साचा मोडून हा नवा साचा बनवला गेला आहे. साचा तो साचाच. राक्षसिणीची देवी केली, की अन्यायाचे परिमार्जन झाले असे मानणारी टीका आपल्याकडेही कमी नाही. तिच्यात वाचकाची सोय होते, त्या स्त्रीची नव्हे. माणूस म्हणून पाहणे म्हणजे तिच्या कर्तृत्वाइतकीच तिच्या अपराधांची मालकीही तिला देणे. तिने ६९० मध्ये परीक्षार्थींची परीक्षा स्वतः घेतली. पुढे श्वेनझोंगच्या वैभवकाळाचे आधारस्तंभ ठरलेले याओ छोंग आणि सोंग जिंग हे मंत्री तिच्याच काळात वर आले. छळ करणाऱ्या लाइ जुन्चेनलाही तिनेच वर आणले होते. दोन्ही निवडी तिच्याच.

मग प्रश्न उरतो तो मापाचा. ताइझोंग, तिचा पहिला स्वामी, चिनी परंपरेत आदर्श राजा मानला जातो. ६२६ मध्ये त्याने राजवाड्याच्या उत्तरद्वाराशी दोन सख्ख्या भावांना मारले, त्यांच्या दहा मुलांना मारवले आणि बापाला गादी सोडायला लावली. हे कोणी लपवले नाही. सिंहासनावर बसल्यावर आपल्याविषयीच्या दरबारी नोंदी वाचायला मागण्याइतका तो चतुर होता. इतिहासकारांनी त्याचे भ्रातृहत्येचे प्रकरण लिहिले आणि मग पुढच्या प्रकरणात त्याच्या न्यायीपणाचे, सल्ला ऐकण्याच्या वृत्तीचे वर्णन केले. त्याची हत्या हा त्याच्या जीवनातला एक प्रसंग ठरला. वूची हत्या, खरी असो वा कल्पित, तिचा स्वभाव ठरली. दोघांच्या कथनात हा जो व्याकरणाचा फरक आहे, तो आमच्या मते या सर्व प्रकरणाचा गाभा आहे. पुरुषाचा गुन्हा क्रियापदात राहतो, स्त्रीचा गुन्हा विशेषण होतो.

लो बिन्वांगचा तो जाहीरनामा वूच्या हाती पडला तेव्हाची गोष्ट सांगतात. वाचता वाचता तिने हा कोणी लिहिला असे विचारले, आणि नाव कळल्यावर, अशी प्रतिभा उपेक्षित राहिली हा मंत्र्यांचा दोष, असे ती म्हणाली. ही गोष्टही कदाचित आख्यायिकाच असेल. परंतु स्वतःवरचे खोटे आरोप वाचताना त्यातल्या गद्याची पारख करणारी वाचक म्हणून ती आम्हांला अधिक जवळची वाटते, हे कबूल केले पाहिजे. आणि आम्हांला जवळची वाटते म्हणून ती गोष्ट खरी मानू नये, हेही येथेच नोंदवून ठेवतो; नाहीतर पांघरुणाची गोष्ट खरी मानणाऱ्यांत आणि आमच्यात फरक तो काय?

७०५ च्या आरंभी दरबारातल्या मंत्र्यांनी उठाव करून ऐंशी वर्षांच्या वूला पायउतार केले. त्याच वर्षाच्या अखेरीस ती वारली. अखेरच्या आज्ञेत तिने सम्राटपद काढून टाकून आपल्याला सम्राज्ञी म्हणावे असे सांगितले, आणि वांग, शियाओ यांच्या घराण्यांना व चू स्वेल्यांगच्या वंशजांना क्षमा केली. पश्चात्ताप म्हणावा, की पतीशेजारी कबर मिळावी यासाठीची तडजोड? दोन्ही वाचने शक्य आहेत. तिच्यानंतरचा प्रत्येक तांग सम्राट तिचा वंशज होता. तिला पूर्ण खोडणे त्यांना परवडणारे नव्हते आणि पूर्ण मान देणेही.

७०६ मध्ये छिएनलिंग येथे गाओझोंगच्या कबरीत तिला ठेवण्यात आले. तेथे दोन प्रचंड शिळा समोरासमोर उभ्या आहेत. एकीवर गाओझोंगची स्तुती आहे. तो मजकूर वूनेच रचलेला. दुसरी, साडेसात मीटर उंचीची, कोरी ठेवली गेली. आपले कर्तृत्व शब्दांत मावणार नाही म्हणून, आपले माप पुढच्यांनी घ्यावे म्हणून, की मुलाला काय लिहावे हे सुचले नाही म्हणून, असे नाना तर्क आहेत. एक गोष्ट मात्र डोळ्यांनी दिसते. ती शिळा आज कोरी नाही. पुढच्या शतकांत आलेल्या प्रवाशांनी आणि अधिकाऱ्यांनी तिच्यावर आपापले लेख कोरले. ११३४ सालचा एक लेख तर खितान लिपीत आहे आणि तो एका राजपुत्राच्या सफरीविषयी आहे.

आता वर्गात आम्ही ती गोष्ट वेगळ्या रीतीने सांगतो. चारही ग्रंथांतला मजकूर फळ्यावर सालांसह मांडतो, शेजारी ६८४ चा जाहीरनामा ठेवतो, आणि पांघरूण कोणत्या साली आले हे विद्यार्थ्यांनाच शोधायला सांगतो. शेवटी पूर्वीसारखी शांतता पसरत नाही. वाद होतात, कोणी वूच्या बाजूने, कोणी वांगच्या. ती विद्यार्थिनी आता स्वतः एका महाविद्यालयात शिकवते. पण तिच्या प्रश्नातली एक गोष्ट आमच्या या नव्या पद्धतीतही सुटतेच. ज्या मुलीच्या मृत्यूवरून हजार वर्षे एवढी शाई वाहिली, तिची आई खुनी होती की नव्हती याचा निवाडा आम्ही करत बसतो. आणि ते बाळ, ज्याला अजून नीट मानही धरता येत नव्हती, ते मात्र सर्व ग्रंथांत सारखेच मुके राहते.